पंचेचाळीस पॉइंटांचा हिशेब

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट डिप्लोमा प्रोग्रॅम, म्हणजे बोलीभाषेतला ‘आयबी डिप्लोमा’, हा शालेय शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आपल्याकडची अकरावी-बारावी ज्या वयात होते त्याच वयातली मुले तो करतात. तो चालवणारी संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झाली. देशोदेशी बदल्या होणाऱ्या पालकांच्या मुलांना कोणत्याही देशातल्या विद्यापीठात चालेल असे एक प्रमाणपत्र मिळावे, ही सुरुवातीची गरज होती. संस्थेचे पहिले महासंचालक अ‍ॅलेक पीटरसन हे ऑक्सफर्डमधले शिक्षणतज्ज्ञ होते. विद्यार्थ्याने किती पाठ केले यापेक्षा तो विचार कसा करतो हे तपासावे, असा त्यांचा आग्रह होता. हे बोलायला सोपे आणि मोजायला अतिशय अवघड. आयबीची आजची सगळी परीक्षापद्धत या अवघड मोजणीभोवती उभी आहे.

विद्यार्थी सहा विषय घेतो: सहसा एक मातृभाषा किंवा तितकीच सरावाची भाषा व तिचे साहित्य, एक दुसरी भाषा, एक समाजशास्त्रीय विषय, एक विज्ञान, एक गणित आणि सहावा कलाशाखेतला. कला नको असेल तर त्या जागी आणखी एक विज्ञान, भाषा किंवा समाजशास्त्र घेता येते. यांपैकी तीन, फार तर चार विषय ‘हायर लेव्हल’ला आणि बाकीचे ‘स्टँडर्ड लेव्हल’ला असतात. मुले त्यांना एचएल आणि एसएल म्हणतात. एचएलसाठी दोन वर्षांत २४० तास अध्यापन अपेक्षित आहे, एसएलसाठी १५० तास. म्हणजे भौतिकशास्त्रात बुडी मारू पाहणाऱ्या मुलीलाही साहित्य आणि इतिहासासारखा एखादा विषय सोडता येत नाही, मात्र कुठे खोल जायचे हे तिला ठरवता येते.

प्रत्येक विषयाला १ ते ७ अशी श्रेणी मिळते. सहा विषयांचे जास्तीत जास्त ४२ पॉइंट होतात. त्यात विस्तृत निबंध आणि ‘थिअरी ऑफ नॉलेज’ या दोहोंचे मिळून ३ पॉइंट पडले की कमाल ४५. डिप्लोमा मिळायला किमान २४ लागतात. जगभरची सरासरी ३० च्या आसपास असते आणि पूर्ण ४५ मिळवणारे फार थोडे.

नुसते २४ झाले म्हणून डिप्लोमा हाती येत नाही. एखाद्या विषयात १ मिळाला तर डिप्लोमा जातो. २ ही श्रेणी दोनपेक्षा जास्त विषयांत चालत नाही, आणि ३ किंवा त्याखालची श्रेणी तीनपेक्षा जास्त विषयांत चालत नाही. तीन एचएल विषयांचे मिळून किमान १२ आणि तीन एसएल विषयांचे किमान ९ पॉइंट हवेत. २६ पॉइंट मिळूनही एचएलची बेरीज ११ भरली म्हणून डिप्लोमा हुकलेला विद्यार्थी असू शकतो, आणि नेमक्या २४ वर सुखरूप पार पडलेलाही असू शकतो. ‘एकूण टक्के किती?’ या प्रश्नाची सवय झालेल्या पालकांना हा भाग समजावून घ्यायला वेळ लागतो. निवडलेल्या खोलीत विद्यार्थी खरोखर उतरला का, हे या अटी पाहतात. एका विषयातले उत्तम यश दुसऱ्यातली दाणादाण झाकू शकत नाही.

लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होतात. बहुतेक शाळा मे महिन्याचे सत्र घेतात. दक्षिण गोलार्धातल्या अनेक शाळांचे वर्ष डिसेंबरात संपत असल्याने त्या नोव्हेंबरचे घेतात. एका विषयाला दोन किंवा तीन पेपर असतात आणि प्रत्येकाचे काम वेगळे असते. गणिताच्या ‘अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस’ या शाखेत पहिल्या पेपरला कॅल्क्युलेटर वर्ज्य असतो, तर दुसऱ्याला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर लागतोच. एचएलच्या विद्यार्थ्यांना तिसराही पेपर असतो. त्यात दोनच लांबलचक प्रश्न असतात, आणि प्रत्येक प्रश्न अनोळखी कल्पनेकडे पायरी पायरीने घेऊन जातो. साहित्याच्या पहिल्या पेपरात कधीही न पाहिलेला उतारा समोर येतो आणि त्याचे रसग्रहण करायचे असते. तिथे गाईडचा उपयोग नसतो.

प्रश्नातल्या क्रियापदाला इथे कायद्याच्या शब्दासारखे वजन असते. ‘सांगा’, ‘वर्णन करा’, ‘कारणे द्या’, ‘मूल्यमापन करा’, ‘कितपत खरे आहे ते ठरवा’ या प्रत्येकाचा अर्थ विषयाच्या मार्गदर्शिकेत लिहिलेला असतो. ‘सांगा’ म्हटल्यावर एक ओळ पुरते. ‘मूल्यमापन करा’ म्हटले की बाजू आणि मर्यादा दोन्ही तोलून निष्कर्षापर्यंत यावे लागते. पहिल्या महायुद्धाची कारणे विचारली असताना दोन पाने घटनाक्रम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची माहिती अचूक असली, तरी तो खालच्याच पट्टीत राहतो.

गुण कसे दिले जातात हे एका साध्या गणितात दिसते. ५०,००० रुपये द.सा.द.शे. ८ दराने, दरवर्षी चक्रवाढ पद्धतीने ५ वर्षे ठेवले, तर रक्कम किती होईल? आणि एक लाखाची वस्तू घ्यायला त्यानंतर किती रुपये कमी पडतील? बरोबर उत्तरे ७३,४६६.४० आणि २६,५३३.६० अशी आहेत. समजा, एका मुलाने चक्रवाढीचे सूत्र योग्य निवडले, पण घाईत ५ ऐवजी ४ वर्षे धरली. त्याची रक्कम ६८,०२४.४५ आली आणि पुढे त्याने ३१,९७५.५५ कमी पडतील असे लिहिले. दोन्ही उत्तरे चुकली. आयबीच्या उत्तरसूचीत पद्धतीचे गुण वेगळे आणि अचूकतेचे वेगळे असतात. या मुलाला सूत्र वापरल्याचा पद्धतीचा गुण मिळतो, अचूकतेचा जातो. दुसऱ्या भागात त्याने आपल्याच चुकीच्या आकड्यावरून बरोबर वजाबाकी केली आहे, म्हणून तिथे त्याचे गुण कापले जात नाहीत. एका चुकीची शिक्षा एकदाच, असे हे तत्त्व आहे. तेव्हा पायऱ्या दाखवण्यात फायदा असतो. नुसते चुकीचे उत्तर लिहिणाऱ्याला काहीच मिळत नाही.

लेखी पेपर हा श्रेणीचा मोठा वाटा असला तरी सगळा नाही. जवळपास प्रत्येक विषयात ‘इंटर्नल असेसमेंट’, मुलांच्या तोंडी ‘आयए’, असते. विज्ञान आणि गणितात तिला २० टक्के वजन आहे. साहित्यात ती तोंडी परीक्षा असते. विद्यार्थी दोन साहित्यकृतींतले उतारे निवडतो, एखाद्या जागतिक प्रश्नाच्या अंगाने त्यांच्यावर दहा मिनिटे बोलतो आणि पाच मिनिटे शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. सोबत फक्त उतारे आणि दहा मुद्द्यांचे टिपण. एसएलला याचे वजन ३० टक्के, एचएलला २० टक्के.

विज्ञानाची आयए जवळून पाहण्यासारखी आहे, कारण बारावीच्या प्रॅक्टिकलशी तिचा फरक तिथे स्पष्ट होतो. महाराष्ट्र बोर्डाच्या भौतिकशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात ७० गुण लेखीचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे असतात. प्रयोग ठरलेले, कृती ठरलेली, जर्नलमधली वाक्येही बरीचशी ठरलेली. आयबीत प्रश्नच विद्यार्थ्याने शोधायचा असतो.

समजा, रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला लिंबाचा रस तापवल्यावर त्यातले क जीवनसत्त्व किती घटते हे पाहायचे आहे. पहिल्या खेपेला ती लिहिते: ‘उष्णतेचा क जीवनसत्त्वावर होणारा परिणाम.’ शिक्षक ते परत पाठवतात, कारण यात काय मोजणार हेच कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला प्रश्न असा होतो: ३०, ४०, ५०, ६० आणि ७० अंश सेल्सिअसला २० मिनिटे तापवलेल्या लिंबाच्या रसात उरलेले क जीवनसत्त्व आयोडीनच्या अनुमापनाने किती आढळते? आता काम सुरू होऊ शकते. रसात स्टार्चचे थेंब घालून ब्युरेटमधून आयोडीन सोडायचे आणि निळा-काळा रंग टिकला की थांबायचे. प्रत्येक तापमानाला पाच वाचने घ्यायची. रस एकाच फळाचा की पाच फळांचा मिसळलेला, तापवताना भांडे झाकले होते का, तापवल्यावर किती वेळाने मोजले, हे सगळे आधी ठरवून लिहायचे.

अहवालाची मर्यादा ३,००० शब्दांची असते आणि २४ गुण चार निकषांत सारखे वाटलेले असतात: संशोधनाची आखणी, आकडेवारीचे विश्लेषण, निष्कर्ष आणि मूल्यमापन. शेवटच्या निकषावर बरीच हुशार मुले अडखळतात. ‘मोजताना मानवी चूक झाली असावी’ या वाक्याला तिथे किंमत नाही. रंगबदलाचा क्षण डोळ्यांनी ठरवल्यामुळे वाचन कोणत्या दिशेने सरकले, ब्युरेटच्या ०.०५ मिलिलिटर अनिश्चिततेपेक्षा हा दोष मोठा की लहान, आणि पुढच्या वेळी नेमके काय बदलावे, हे सांगावे लागते. अपेक्षेविरुद्ध निकाल आला म्हणून गुण जात नाहीत. आकडे सिद्धान्ताशी जुळवून घेण्याचा मोह त्यामुळे कमी होतो, आणि विज्ञान शिकवण्याच्या दृष्टीने ही या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

हे गुण आधी शाळेतलेच शिक्षक देतात. मग आपल्या विद्यार्थ्यांना झुकते माप मिळणार नाही का? यासाठी मॉडरेशन असते. शाळेने सर्वांचे गुण कळवायचे आणि आयबीने निवडलेल्या काही विद्यार्थ्यांचे काम पाठवायचे. बाहेरचा परीक्षक तेच काम पुन्हा तपासतो. शिक्षकांचे गुण ठरलेल्या फरकाच्या आत बसले तर जसेच्या तसे राहतात. शिक्षक सातत्याने सैल किंवा कडक आढळले, तर त्या शाळेतल्या त्या विषयाच्या सर्व मुलांचे गुण त्या प्रमाणात खाली किंवा वर सरकवले जातात. म्हणून उदार हाताने गुण वाटणाऱ्या शिक्षकाचा विद्यार्थ्यांना काहीच लाभ होत नाही. उलट जुलैत निकाल पाहून त्यांना धक्का बसतो.

सहा विषयांबाहेरचा गाभा तीन भागांचा आहे. पहिला ‘एक्स्टेंडेड एसे’, ४,००० शब्दांपर्यंतचा संशोधनपर निबंध. विषय विद्यार्थ्याचा, मार्गदर्शक शाळेतला, तपासणारा बाहेरचा. सुमारे ४० तासांचे काम अपेक्षित असते. मार्गदर्शकाशी तीन ठरलेल्या भेटी होतात आणि शेवटची तोंडी परीक्षेसारखी असते. मार्गदर्शकाने पूर्ण मसुद्यावर एकदाच अभिप्राय द्यायचा, ओळ न् ओळ दुरुस्त करायची नाही. ४,००० शब्दांपुढचा मजकूर परीक्षक वाचत नाही, त्यामुळे शेवटी राखून ठेवलेला निष्कर्ष वाया जाऊ शकतो.

दुसरा भाग ‘थिअरी ऑफ नॉलेज’. आपल्याला जे माहीत आहे ते माहीत आहे असे आपण कशाच्या आधारे म्हणतो, हा त्याचा विषय. इथे लेखी परीक्षा नाही. दर सत्राला जाहीर होणाऱ्या सहा शीर्षकांपैकी एकावर १,६०० शब्दांचा निबंध बाहेर तपासला जातो. दुसरे काम प्रदर्शनाचे: विद्यार्थ्याने खऱ्या जगातल्या तीन वस्तू निवडायच्या आणि ज्ञानाबद्दलच्या एका ठरावीक प्रश्नाशी त्या कशा जोडल्या जातात ते ९५० शब्दांत मांडायचे. आजीच्या हस्ताक्षरातली पाककृतींची वही, हवामानाच्या अंदाजाचा स्क्रीनशॉट आणि जुना नकाशा एकत्र ठेवून ‘ज्ञान कालबाह्य कसे होते’ हे दाखवता येते. निबंधाला दोन तृतीयांश वजन आहे आणि प्रदर्शनाला एक तृतीयांश.

या दोन्ही भागांना ए ते ई अशा श्रेणी मिळतात आणि त्यांच्या जोडीवरून ० ते ३ पॉइंट ठरतात. दोन्हीकडे ए, किंवा एक ए आणि एक बी असेल तर ३. दोन बी किंवा बी-सी असेल तर २. दोन सी असतील तर १. कुठेही ई आली तर बाकी पॉइंट कितीही असोत, डिप्लोमा मिळत नाही. तिसरा भाग ‘कॅस’, म्हणजे सर्जनशील काम, शारीरिक हालचाल आणि सेवा. तो साधारण दीड वर्ष चालतो. त्याला गुण नाहीत, पण तो अपुरा राहिला तर डिप्लोमा अडतो.

उत्तरपत्रिकांचे पुढे काय होते, हे बहुतेक विद्यार्थ्यांना माहीत नसते. शाळा त्या पाठवते आणि त्या स्कॅन होतात. वेगवेगळ्या देशांतले परीक्षक पडद्यावर त्या तपासतात. विद्यार्थ्याचे नाव त्यांना दिसत नाही. तपासणी सुरू करण्यापूर्वी परीक्षकाला सरावाच्या आणि मग पात्रतेच्या उत्तरपत्रिका तपासाव्या लागतात. मुख्य परीक्षकाने आधीच गुण ठरवलेल्या काही उत्तरपत्रिका पुढेही त्याच्या गठ्ठ्यात मिसळलेल्या असतात. त्यांना ‘सीड’ म्हणतात. कोणती सीड आहे हे परीक्षकाला कळत नाही. त्याचे गुण ठरलेल्या गुणांपासून फार दूर गेले की त्याचे काम थांबवले जाते. हजारो अनोळखी माणसांच्या हातात एकच मोजपट्टी राहावी, यासाठी ही खबरदारी घेतली जाते.

तपासणीनंतर मिळतात ते गुण, श्रेणी नव्हे. किती गुणांना ७ आणि किती गुणांना ४, ही ‘ग्रेड बाउंड्री’ प्रत्येक सत्रात नव्याने ठरते. ज्येष्ठ परीक्षक सीमेवरच्या उत्तरपत्रिका प्रत्यक्ष वाचतात, श्रेणीच्या लेखी वर्णनाशी आणि मागच्या वर्षांच्या कामाशी ताडून पाहतात, शिक्षकांचे पेपरबद्दलचे अभिप्राय आणि आकडेवारीही विचारात घेतात. २ व ३, ३ व ४ आणि ६ व ७ यांच्यामधल्या सीमा अशा विचाराने ठरतात, मधल्या सीमा गणिताने सारख्या अंतरावर पाडल्या जातात. काही विज्ञान विषयांत शंभरपैकी सत्तरच्या आसपासही ७ सुरू होऊ शकतो. पेपर अवघड निघाला तर सीमा खाली येते. ७ मिळवणाऱ्यांचा कोटा मात्र आधी ठरवलेला नसतो. ९५ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याने हुकलेल्या प्रवेशाचे दुःख ज्या घरांनी पाहिले आहे, त्यांना या मोजणीतला मोकळेपणा जाणवतो.

या यंत्रणेची कच्ची बाजूही उघड झाली आहे. मे २०२० मध्ये साथीमुळे परीक्षा रद्द झाल्या. तेव्हा विद्यार्थ्यांचे वर्षभराचे काम, शिक्षकांनी वर्तवलेल्या श्रेणी आणि शाळेचा जुना निकाल यांतून श्रेणी काढल्या गेल्या. शाळेच्या इतिहासावरून आजच्या मुलाची श्रेणी का ठरावी, असा रास्त आक्षेप अनेक देशांतून आला. ऑगस्टमध्ये आयबीला बऱ्याच श्रेणी सुधाराव्या लागल्या. मे २०२४ मध्ये वेगळी अडचण आली. परीक्षा वेगवेगळ्या वेळी होत असल्याने, आधी पेपर देणाऱ्या काहींनी गणिताचे प्रश्न समाजमाध्यमांवर टाकले. पेपर झाल्यावर २४ तास त्याची चर्चा करायची नाही, हा नियम यासाठीच असतो, पण तो पाळला जाणे शेवटी विद्यार्थ्यावर अवलंबून असते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आयबीने बंदी घातलेली नाही. तिच्याकडून घेतलेला मजकूर इतर कुठल्याही स्रोतासारखा उद्धृत करावा लागतो, आणि तसे न करता तो स्वतःचा म्हणून दिला तर तो गैरप्रकार ठरतो. मार्गदर्शकासमोरच्या तोंडी चर्चेचे महत्त्व त्यामुळे वाढले आहे.

निकाल येण्याच्या कितीतरी आधी शिक्षक प्रत्येक विषयात अपेक्षित श्रेणी वर्तवतात. ब्रिटनमधली विद्यापीठे त्या पाहून सशर्त प्रवेश देतात: एकूण ३८ आणि एचएलमध्ये ७, ६, ६, असे काहीतरी. जुलैत अट पूर्ण झाली तर प्रवेश पक्का. भारतात असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ही संस्था आयबी डिप्लोमाला बारावीशी समकक्ष मानते, मात्र वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला जायचे तर विषयांची निवड अकरावीतच त्या हिशेबाने करावी लागते आणि नीट किंवा जेईईची तयारी वेगळी. पुण्याजवळ मुळशीत १९९७ पासून चालणाऱ्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये अनेक देशांतली मुले एकत्र राहून हाच डिप्लोमा करतात. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच शाळांतही तो आहे. फी मोठी असल्याने तो आजही थोड्याच घरांच्या आवाक्यात आहे, आणि हे खटकते.

मे सत्राचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. श्रेणी पटली नाही तर शाळेमार्फत फेरतपासणी मागता येते. तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत आधी मागवून, गुण कुठे गेले ते पाहून मग निर्णय घेता येतो. हे शहाणपणाचे असते, कारण फेरतपासणीत श्रेणी वाढू शकते तशी कमीही होऊ शकते, आणि अर्जापूर्वी विद्यार्थ्याची लेखी संमती याचसाठी घेतली जाते. श्रेणी बदलली तर शुल्क परत मिळते. तरीही काम भागले नाही तर नोव्हेंबरात किंवा पुढच्या मे महिन्यात तो विषय पुन्हा देता येतो. आयएचे जुने गुण सहसा पुढे नेता येतात, म्हणजे लिंबाच्या रसाचा प्रयोग पुन्हा करावा लागत नाही, आणि दोन प्रयत्नांतली जी श्रेणी वरची, ती धरली जाते.